रॉबर्ट बॉश आणि डिझेलचा पंप

जुन्या लॉरीचे, म्हणजे आपण बोलताना ज्याला कामियों म्हणतो तिचे, बॉनेट उघडले की इंजिनाच्या कुशीला एक लांबट पंप बसवलेला दिसतो. त्याच्या माथ्यावरून चार किंवा सहा बारीक पोलादी नळ्या निघून एकेका सिलिंडरकडे गेलेल्या असतात. पंपावरच्या पट्टीवर कधी बॉश, कधी मायको, कधी सीएव्ही असे नाव असते. ही तिन्ही नावे शेवटी एकाच माणसापाशी जाऊन पोहोचतात. बॉश ही कंपनी सर्वांना ठाऊक आहे, पण बॉश नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, तो स्वतः कारागीर होता आणि त्याने आपल्या उतारवयात एक फार धाडसाचा निर्णय घेतला, हे थोड्यांनाच माहीत असते. आज त्या माणसाची ओळख करून घेऊ.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत, उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडिलांची शेती होती आणि वाटसरूंसाठी खानावळ होती. घर खाऊनपिऊन सुखी, वडील वाचनाची आवड असलेले आणि स्वतंत्र विचारांचे. रॉबर्ट आठ वर्षांचे असताना कुटुंब उल्मला राहायला आले. शाळेत त्यांचे फारसे मन रमले नाही. झाडेझुडपे आणि प्राणी यांची ओढ मात्र होती. पुढे काय शिकायचे याचा त्यांनी मोठा विचार केला होता असेही नाही. वडिलांनी बारीक यंत्रकाम शिकशील का म्हणून विचारले आणि मुलाने होकार दिला, एवढेच.

१८७६ ते १८७९ ही तीन वर्षे त्यांनी उल्ममधील एका कारागिराकडे उमेदवारी केली. मालक दुकानात फारसा थांबत नसे आणि मुलांना धड शिकवीत नसे. त्या तीन वर्षांची कडवट आठवण बॉश यांच्या मनातून कधीच गेली नाही. १९१३ साली त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवार मुलांसाठी वेगळी कार्यशाळा काढली, तिचे मूळ या आठवणीत आहे. शिक्षकाच्या पेशातल्या मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट इतर अनेक गोष्टींपेक्षा मोठी वाटते. ज्याला वाईट शिकवले गेले तो पुष्कळदा तसेच वाईट शिकवतो. या माणसाने तसे केले नाही.

उमेदवारी संपल्यावर सात वर्षे ते गावोगाव आणि देशोदेशी हिंडले. निरनिराळ्या दुकानांत काम केले, एक वर्ष लष्करात काढले, स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यालयात काही महिने बाहेरचा विद्यार्थी म्हणून बसून विजेची मूलतत्त्वे समजून घेतली. १८८४ साली ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या कारखान्यात राबले. तेथून इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी, वडिलांच्या मागे वाट्याला आलेले दहा हजार मार्क घालून, त्यांनी स्टुटगार्टमध्ये एका घराच्या मागच्या बाजूला छोटे वर्कशॉप उघडले. हाताखाली एक कारागीर आणि एक वरकामाचा पोरगा.

पहिली दहा वर्षे कष्टाचीच गेली. टेलिफोन बसवा, विजेच्या घंटा दुरुस्त करा, पाण्याची पातळी दाखवणारी यंत्रे करा, जे येईल ते काम. गिऱ्हाइकांकडे जायला त्यांनी सायकल घेतली होती, तेव्हा ती शहरात नवलाची वस्तू होती. मधल्या एका मंदीत बहुतेक माणसे कमी करावी लागली आणि नातेवाइकांच्या जामिनावर बँकेचे कर्ज काढावे लागले.

त्यांचे नशीब उघडले ते ठिणगीने. १८८७ साली एका गिऱ्हाइकाने गॅसच्या इंजिनासाठी मॅग्नेटो करून मागितला. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून वीज निर्माण करणारे आणि त्या विजेने सिलिंडरात ठिणगी पाडणारे यंत्र. कल्पना बॉश यांची नव्हती. दॉइट्स या कारखान्याने तसे यंत्र आधी केलेले होते. बॉश यांनी ते नीट, टिकाऊ आणि सुबक करून दिले. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स या व्यापाऱ्याने एक फ्रेंच तीनचाकी मोटारगाडी आणली आणि तिला मॅग्नेटो बसवून दाखवा म्हटले. अडचण अशी की ते छोटे इंजिन फार वेगाने फिरे आणि जड वेटोळे तेवढ्या वेगाने हलवता येत नसे. बॉश यांचा मुकादम झेरिंगर याने तोड काढली: वेटोळे स्थिर ठेवायचे आणि त्याच्याभोवती एक हलकी लोखंडी नळी हलवायची. गाडी धावली. पुढे १९०२ साली गॉटलोब होनोल्ड या त्यांच्या इंजिनिअराने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबर स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा जगभरच्या मोटारवाल्यांना बॉशकडे यावेच लागले. पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी या कारखान्याचा बहुतांश माल परदेशी जात होता.

पैसा आला तसा तो वाटलाही गेला. १९०६ साली, कायद्याने भाग पाडण्याच्या बारा वर्षे आधी, बॉश यांनी कामाचा दिवस आठ तासांचा केला. त्याच १९०६ साली आपल्या बेटावर गिरमिटाची पद्धत चालूच होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आठ तासांचे वजन कळते. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून हिणवत. याचा अर्थ मालक-कामगारांत सगळे गोडीगुलाबीचे होते असा नाही. १९१३ साली त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि त्यानंतर बॉश मालकांच्या संघटनेत सामील झाले. युद्धात कारखान्याला जो नफा झाला तो मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. नेकार नदीवर जलमार्ग व्हावा म्हणून दोन कोटी मार्क देऊन टाकले.

आता १९२२ सालाकडे येऊ, कारण आमच्या लॉरीचा पंप तेथे जन्मला.

बॉश तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. युद्धामुळे अमेरिकेतला त्यांचा कारखाना सरकारजमा होऊन विकला गेला होता. ज्याच्या हाती सारे सोपवायचे तो एकुलता मुलगा दीर्घ आजाराने १९२१ साली वारला होता. होनोल्डही १९२३ च्या मार्चमध्ये गेला. धंद्यातही ढग जमत होते. अमेरिकन मोटारींत मॅग्नेटोऐवजी स्वस्त बॅटरीची ठिणगी आली होती आणि ती युरोपात येणार हे दिसत होते. एखाद्याने अशा वेळी असलेले सांभाळून ठेवले असते तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. बॉश यांनी मात्र डिझेल इंजिनासाठी इंधनाचा पंप करायचे ठरवले. यातली गंमत पाहा: डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. ठिणगीवर ज्याचे साम्राज्य उभे होते त्याने ठिणगीवाचून चालणाऱ्या इंजिनाला हात दिला.

हे कठीण का होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. सिलिंडरात नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तिने स्वतःच तापावे, आणि अगदी शेवटच्या क्षणी तेल आत सोडायचे, की ते आपोआप पेटते. सांगायला सोपे, पण दाबलेल्या हवेत तेल शिरवायचे कसे? डिझेल यांनी त्याहून अधिक दाबाची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरने तयार करून तिच्या जोराने तेल आत फुंकले. काम उत्तम झाले, पण कॉम्प्रेसर अवजड. जहाजात किंवा वीजघरात तो चाले, लॉरीवर कोण वाहणार? १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना डिझेल बोटीवरून नाहीसे झाले, तोपर्यंत त्यांचे इंजिन रस्त्यावर यायचेच होते.

१९२३ आणि १९२४ या दोन वर्षांत जर्मनीत तीन कारखान्यांनी डिझेल लॉऱ्या पुढे आणल्या आणि तिघांनी तेल पुरवण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा निवडल्या. डाइमलरने डिझेल यांचीच जुनी फुंकण्याची पद्धत घेतली. बेंझने प्रॉस्पर लोरांज यांच्या कल्पनेप्रमाणे सिलिंडरच्या डोक्यात एक लहान कोठडी ठेवली. तेल आधी तेथे थोडे पेटे आणि मग उरलेले जोराने सिलिंडरात येई, त्यामुळे पंपाला फार दाब लागत नसे. मान कारखान्याने कोठडीही नको आणि कॉम्प्रेसरही नको म्हणत तेल सरळ सिलिंडरात मारले. पुढे डाइमलर आणि बेंझ एक झाले आणि फुंकण्याची तऱ्हा लॉरीवरून गेली. उरलेल्या दोन्ही तऱ्हांची भिस्त एका चांगल्या पंपावर होती, आणि असा पंप बाजारात विकत मिळत नव्हता. प्रत्येक कारखाना आपापला करून बघत होता.

बॉश यांच्याकडे याची निम्मी विद्या आधीच होती. १९०९ पासून त्यांचा कारखाना इंजिनांना वंगण पुरवणारे छोटे पंप करीत असे, म्हणजे थेंब मोजून देण्याचा सराव होता. मॅग्नेटोमुळे बारीक पोलादकामाचा हातही बसलेला होता. तरीही पाच वर्षे लागली. १९२३ पर्यंत पंपाचे डझनभर नमुने झाले. फ्रान्झ लांग या जाणत्या इंजिनिअराशी करार झाला आणि नंतर फारकतही झाली. १९२५ च्या मध्याला रचना ठरली. त्याच सुमारास मोटारधंद्यात मोठी मंदी आली आणि कामगार कमी करावे लागले, पण पंपाचे काम थांबवले नाही. १९२७ च्या अखेरीस पहिले हजार पंप तयार होऊन बाहेर पडले. मानच्या लॉऱ्यांवर ते प्रथम बसले. त्यानंतर कोणत्याही इंजिनवाल्याला पंप स्वतः करण्याची गरज उरली नाही.

या पंपाची रचना शाळेत फळ्यावर काढून दाखवावी अशी आहे. एकेका सिलिंडरसाठी एकेक पोलादी दट्ट्या आणि त्याची नळी. खाली एक दंड फिरतो, त्याच्यावरचे उंचवटे दट्ट्यांना पाळीपाळीने वर ढकलतात. दट्ट्याची धाव नेहमी सारखीच असते. मग तेल कमीजास्त कसे करायचे? दट्ट्याच्या अंगावर एक तिरपी खाच कोरलेली असते. दट्ट्या वर जाताना नळीच्या बाजूचे भोक बंद होते आणि तेल दाबले जाऊ लागते. खाच भोकासमोर आली की दाब सुटतो आणि पुरवठा तिथेच तुटतो. ड्रायव्हरने पाय दाबला की एक दातेरी पट्टी सरकते आणि सगळे दट्टे आपल्या जागी थोडे फिरतात; खाच तिरपी असल्यामुळे ती भोकासमोर उशिरा येते आणि तेल जास्त जाते. झाले एवढेच. पण दट्ट्या आणि नळी यांच्यात जागा सोडायची ती मिलिमीटरच्या दोनतीन हजारांश भागांइतकी. त्यांची जोडी एकत्र घासून बनवतात, एकीचा दट्ट्या दुसरीला चालत नाही. मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला हजार वेळा, दर खेपेस एकदोन थेंब, तेही शंभर-दोनशे वातावरणांच्या दाबाने, असा हा हिशेब आहे.

ज्यांच्या घरी अजून जुनी लॉरी राबते त्यांच्यापुढे पंप झिजला की एक प्रश्न येतो: बॉशच्या पद्धतीचा हा रांगेचा पंपच दुरुस्त करावा, की त्याच्या जागी फिरता पंप बसवावा? फिरत्या पंपात सर्व सिलिंडरांना मिळून एकच दाबयंत्र असते आणि ते पाळीपाळीने तेल वाटते. सीएव्हीने १९५० च्या दशकात असा पंप आणला आणि तो पुष्कळ इंग्रजी इंजिनांवर आला. तो लहान, हलका आणि स्वस्त. पण त्याचे आतले भाग डिझेल तेलानेच वंगण घेतात, म्हणून तेलात पाणी किंवा माती आली, किंवा तेलच फार कोरडे असले, की तो लवकर दगावतो. रांगेच्या पंपाच्या दंडाला इंजिनाचे किंवा स्वतःच्या पेटीतले वंगण मिळते, त्यामुळे तो अधिक सोसतो. मात्र दुरुस्ती महाग पडते. इंजिन ज्या पंपासह आले तोच नीट करणे बहुधा शहाणपणाचे. पंप बदलायचा तर फिरण्याची दिशा, तेल सुटण्याची वेळ, वेगाचे नियंत्रण आणि इंजेक्टरचा दाब हे सगळेच जुळवावे लागते, नाहीतर धूर आणि खर्च दोन्ही वाढतात.

आणि पंप उतरवण्याआधी टाकीकडून पंपाकडे येणारी वाट तपासावी. टाकीतून तेल ओढणारा छोटा पंप, दोन्ही फिल्टर, पाणी वेगळे करणारी वाटी, आणि नळ्यांच्या सांध्यांतून हवा शिरते काय, हे पाहावे. जोर गेला म्हणून मोठा पंप दोषी ठरतो आणि चोर निघतो फिल्टरात. मेकॅनिक घाईत असला तर हे सांगायला लाजू नये. दुरुस्त पंप मात्र चाचणीच्या बाकावर चढवूनच घ्यावा, कारण सहाही तोंडांतून सारखे तेल येते की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

पुन्हा बॉश यांच्याकडे वळू. १९२७ हेच वर्ष त्यांच्या घरातही बदलाचे होते. पहिला विवाह संपुष्टात आला, त्यांनी दुसरा विवाह केला आणि १९२८ साली त्यांना मुलगा झाला. काटकसर मात्र जुनीच राहिली. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी दिसली तर ते ती उचलून संबंधित कारकुनाला जाब विचारीत, असे सांगतात. १९३१ साली त्यांनी इंग्लंडमध्ये सीएव्हीबरोबर भागीदारी केली, म्हणूनच त्या काळच्या इंग्रजी पंपांवर दोन्ही नावे एकत्र दिसत. काही वर्षांनी बॉश त्यातून बाहेर पडले. १९३६ साली मर्सिडीझने डिझेलवर चालणारी मोटारगाडी विकायला काढली, तिच्यावरही बॉशचाच पंप होता.

शेवटची वर्षे काळोखी होती. जर्मनी आणि फ्रान्स यांचे सख्य व्हावे यासाठी झटलेल्या या माणसाच्या देशावर हिटलरचे राज्य आले. बॉश यांनी आणि त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना पैसा व आसरा दिला. १९३७ साली त्यांनी कार्ल गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून नेमले. हे गोर्डेलर हिटलरविरुद्धच्या कटातले एक प्रमुख होते आणि १९४५ साली फासावर गेले. बॉश यांच्यामागे कारखाना चालवणारे हान्स वाल्झ यांचा १९६९ साली इस्रायलने ज्यूंना वाचवल्याबद्दल गौरव केला. पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. त्याच कारखान्याने हिटलरच्या फौजेला माल पुरवला आणि युद्धात वेठीने आणलेले हजारो परदेशी मजूर तेथे राबवले गेले. चरित्रकार बहुधा पहिली बाजू मोठ्याने सांगतात. माझ्या मते दोन्ही एकाच दमात सांगायला हव्यात.

१९४० साली स्टुटगार्टमध्ये त्यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले. ज्या राजवटीशी त्यांचे कधी जमले नाही तिनेच सरकारी इतमामाने त्यांची अंत्ययात्रा काढली. आपली संपत्ती लोकहितासाठी लागावी अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार आज कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

भारतात बॉशचा माल १९२२ पासून कलकत्त्यामार्गे विकला जात होता. १९५१ साली बंगलोरला मायको ही कंपनी निघाली आणि टाटांच्या लॉऱ्यांवर तिचे पंप बसू लागले. पुढे नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचा दुसरा मोठा कारखाना झाला. तेथे इंजेक्टर आणि त्यांची तोंडे बनू लागली, म्हणजे केसाएवढ्या भोकांतून तेलाचे धुके करणारा तो शेवटचा भाग. २००८ साली मायको हे नाव जाऊन तेथेही बॉश हेच नाव आले. जुन्या लॉऱ्यांच्या पंपांवर मात्र मायकोची पट्टी अजून वाचता येते.